दांड्यावरचा पट्टा

सरका, सरका, ओट्यावर जागा करा. किंजल, तू त्या खांबाला पाठ लावून बसू नकोस. मागून कोणी खांद्याला हात लावला तर नाव माझंच घेशील. एरवी तो हात माझाच असतो, कबूल. पण आज मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलोय, बघून घ्या सगळे.

ज्याची गोष्ट आहे तो माणूस तुमच्या ओळखीचा आहे. आपल्या सरावलीच्या चाळीत कोपऱ्याच्या खोलीत राहतो तो भावेश. एसीवाला. सकाळी मोटारसायकल सुरू करताना अख्ख्या चाळीला उठवतो तोच.

"तो तर कोणाशी बोलतच नाय, आजोबा," किंजल म्हणाली.

माझ्याशी एकदा बोलला. त्याच बैठकीचं सांगतोय. मी चौथी नापास, तेही मास्तरांच्या खुर्चीला फणसाचा चीक लावला म्हणून. तेव्हा मशीनचं काही चुकलं तर भावेशला विचारा. भुताचं काही चुकलं तर कोणाला विचारायचं ते तुमचं तुम्ही बघा.

दोन हजार पंचवीसचा डिसेंबर. एकोणीस तारीख, शुक्रवार. मार्गशीर्षातली अवस.

दुपारी चारला भावेशला केळव्याहून फोन आला. कृष्णकांत शेठचा. शेठची समुद्राच्या अलीकडे नारळ-सुपारीची वाडी, वाडीत मुंबईच्या पाहुण्यांसाठी खोल्या, आणि मागे एक मोठा हॉल. त्या हॉलला शेठनं दिवाळीआधी एक जुनं मशीन घेऊन बसवलं होतं. गार करणारं आणि गरमही करणारं! केळव्यात हीटर! अरे, आपल्याकडे थंडी ती केवढी? पहाटे दोन तास पाय पोटाशी घ्यायचे आणि नऊला पंखा शोधायचा. पण शेठला हौस. गावातली माणसं येऊन मशीनवर थापा मारून जायची, जशी बैलाच्या पाठीवर मारतात.

"भावेश, उद्या सकाळी सहाला मुंबईच्या बत्तीस म्हाताऱ्यांचा योगवर्ग हाय," शेठ फोनवर ओरडत होते. "गरम म्हणून बटण दाबलं तर मशीन असं किंचाळतं, सगळी वाडी जागी होते. आजच्या आज ये. म्हातारे गारठले तर मला तोंड दाखवायला जागा नाय."

आता हे मशीन कसलं, ते सांगतो. आपल्या घरच्या एसीचा एक डबा आत, एक बाहेर. ह्याचं तसं नाही. सगळा कारभार एकाच डब्यात, आणि डबा केवढा, तर छोट्या टेम्पोएवढा. तो बाहेर उघड्यावर, सिमेंटच्या चौथऱ्यावर. खाली रबराचे तुकडे, थरथर जमिनीत जाऊ नये म्हणून. तिथून म्हशीच्या पोटाएवढी पत्र्याची नळी भिंतीतून हॉलमध्ये. डब्याच्या पोटात वारा फेकणारा मोठा ढोल, त्याला ब्लोअर म्हणतात. बाजूला मोटर. मोटरीची पुली आणि ढोलाची पुली, दोघींना बांधणारा एक काळा रबरी पट्टा. पिठाच्या गिरणीत असतो तसा. पट्टा ढिला पडला की किंचाळतो. एवढंच दुखणं, तासाभराचं काम.

पण हे काम दोघांचं. एक मशीनपाशी, एक वीज चालू-बंद करणाऱ्या पॅनेलपाशी. भावेशनं जोडीदाराला फोन लावला.

"भाय, आज अवस हाय. आई घराबाहेर सोडत नाय."

"तुज्या आईला सांग," भावेश म्हणाला, "भूत मशीन दुरुस्त करायला येत नाय."

हसू नका. तो पण हसलाच होता.

एकटाच निघाला. बोईसर, पालघर, मग आपलं इकडचं माहीम करत सव्वासातला केळव्यात पोचला. वाडीत मिट्ट काळोख. हॉलच्या दारावर एक दिवा, बाकी सुपारीची झाडं नुसती काठ्यांसारखी उभी. शेठ गाडीत बसूनच वाट बघत होते. पॅनेलच्या खोलीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"मी पालघर स्टेशनला जातो, नऊच्या गाडीनं पाहुणे येतात. तू तुजं कर. खोल्या रिकाम्या हायत, कोण त्रास देणार नाय तुला."

गाडीचा लाल दिवा माडांमागे दिसेनासा झाला.

भावेश पॅनेलच्या खोलीत गेला. ती हॉलच्या या टोकाला आणि मशीन त्या टोकाला, भिंतीमागे. मधे तीसेक पावलं. त्यानं मशीनच्या मेन स्विचचा दांडा खाली ओढला. खट. वीज बंद. बाहेर येऊन दाराला कुलूप घातलं, ओढून बघितलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. म्हणजे आता दांडा वर करायचा तर आधी भावेशच्या छातीवरून किल्ली काढायला हवी.

कारागिरांची इथली रीत खरं तर वेगळी. भावेशला त्याच्या उस्तादानं शिकवलेली. मशीनच्या पोटात हात घालायच्या आधी मोटरीचे बोल्ट सैल करायचे, पट्टा काढायचा आणि नेऊन पॅनेलच्या दांड्यावर टांगायचा. पट्टा दांड्यावर, म्हणजे माणूस आत. ज्याला दांडा वर करायचा त्याला आधी पट्टा उतरवावा लागतो, आणि उतरवताना आठवतं. शाळा नको, पाटी नको. माझ्यासारख्यालाही कळेल.

पण भावेशनं सहा वर्षांत दांड्यावर पट्टा टांगला नव्हता. एकदाही नाही. तो कुलूपच लावायचा.

त्यानं मशीनच्या बाजूचं पत्र्याचं झाकण काढून गवतावर ठेवलं. मशीनला बाहेरून नवा हिरवा रंग, आत जुनी करडी धूळ. डोक्याला बांधलेली बॅटरी लावली. वाकून आत बघितलं.

झाकणाच्या चौकटीला, आतल्या बाजूनं, एक टिकली चिकटवलेली होती.

बायका कपाळाला लावतात ती. लाल. आता विटकी झालेली, पण लालच.

भावेश जागच्या जागी थांबला.

त्याचा उस्ताद म्हणजे झिपरू. सफाळ्याच्या पलीकडे डोंगराकडच्या पाड्यातला. पावसात भात लावायचा, बाकीचे आठ महिने तारापूरच्या कारखान्यांत मशीनं बसवायचा. अंगठाबहाद्दर, पण मोटरीला कान लावला की कुठला बोल्ट ढिला ते सांगणार. त्याची एक खोड होती. बसवलेल्या प्रत्येक मशीनच्या पोटात बायकोची एक टिकली चिकटवायचा. "दुसऱ्याची दिष्ट नको लागायला," म्हणायचा. पोरं चिडवायची, "काका, काकीला कपाळाला काय ठेवता का नाय?" तो लाजायचा. पन्नाशीचा माणूस, खरंच लाजायचा.

सहा वर्षांपूर्वी एका कारखान्यात हे दोघं असंच एक मशीन बघत होते. नाव नाही सांगत, तो कारखाना आता बंद पडलाय आणि त्यातलं सामान कुठं कुठं विकलं गेलंय. पट्टा बदलायचा होता. झिपरूनं जुना पट्टा काढला, रीतीप्रमाणे दांड्यावर टांगला. मग नवा पट्टा घेऊन आत गेला आणि बसवून ताणत बसला. भावेश चहा पिऊन आला. बघतो तर दांड्यावर जुना, चिरा पडलेला पट्टा. त्याला वाटलं, नवा तर आत चढलाय, हा टाकाऊ, काकांनी असाच अडकवून ठेवलाय. साहेब घड्याळ दाखवत होते. त्यानं पट्टा उतरवला, भिंतीपलीकडच्या नाल्यात भिरकावला. वीज चालू करायच्या आधी विचारतात तसं "टाकू का?" विचारलं. विचारलं म्हणजे, ओठातल्या ओठात. उत्तराला थांबला नाही. दांडा वर केला.

खट.

झिपरू दवाखान्यापर्यंत पोचला नाही.

चौकशीला माणसं आली. भावेश बावीस वर्षांचा. तो म्हणाला, "दांड्यावर पट्टा नव्हता." सगळ्यांनी मान हलवली. झिपरू स्वतःची रीत विसरला, असं ठरलं. पण चौकशी राहू द्या. झिपरूची बायको मंजुळा, ती प्रेताच्या पायांपाशी बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, "भावेश, त्यानं पट्टा लावलावता ना रे?"

आणि भावेश जमिनीकडे बघत म्हणाला, "नाय काकी. नव्हता."

ते वाक्य सहा वर्षं त्याच्या घशात अडकलं होतं. म्हणून तो कोणाशी बोलत नाही, किंजल. तोंड उघडलं की आधी तेच बाहेर यायचं, ही भीती.

टिकली बघून त्याच्या मनात आलं, उठावं आणि घरी जावं. पण झिपरूनं बसवलेली मशीनं थोडी का होती? शंभर. हे त्यातलंच एखादं. त्यानं टिकलीकडे बघायचं नाही असं ठरवलं, आडवा झाला, आणि डावा खांदा आत घातला. झाकणाचं तोंड अरुंद. खांदा गेला की मान वाकडी, उजवा हात बाहेर.

आधी पट्टा तपासायचा होता. डाव्या हातानं तो दाबत दाबत पुली थोडी थोडी फिरवत होता. टिकलीकडे बघायचं नाही म्हणून नजर दुसरीकडे. तिथंच चुकलं. पुली फिरली आणि पट्टा त्याची चार बोटं घेऊन पुलीत गेला.

दुखलं. फार नाही. पण बोटं अडकली.

पुली उलटी फिरवली की झालं. पण उजवा हात तिथवर पोचेना. खांदा मागे घ्यावा तर बोटं ताणली जात होती. बॅटरी डोक्यावरून घसरली, आतल्या पत्र्यावर पडली, विझली.

काळोख.

भावेशनं श्वास सोडला. घाबरायचं कारण नव्हतं. वीज बंद. दाराला कुलूप. किल्ली खिशात, अंगाखाली टोचत होती. शेठ साडेनऊपर्यंत येणार. तोवर पडून राहायचं. उजव्या मनगटावरच्या घड्याळाच्या चमकत्या काट्यांवर त्यानं वेळ बघितली. आठ वाजून बारा मिनिटं.

लांब समुद्र ऐकू येत होता. सुपारीच्या झावळ्या एकमेकींवर घासत होत्या. रातकिडे होते.

मग रातकिडे थांबले.

"टाकू का?"

हॉलच्या त्या टोकाकडून. मोठ्यानं नाही. रोज विचारतात तसं.

भावेशला वाटलं शेठ लवकर आले. "शेठ! नको! हात आत हाय माजा! इकडं या आधी!"

गाडीचा आवाज आलेला नव्हता... दिवा आलेला नव्हता... आणि मग त्याला आठवलं. कुलूप.

त्यानं उजवा हात छातीखाली सरकवला. बटण लावलेलं. किल्ली आत.

झावळ्याही थांबल्या होत्या.

"भावड्या..."

त्याला भावड्या म्हणणारं एकच माणूस होतं.

"भावड्या... टाकू का?"

तो बोटं खेचायला लागला. कातडी सोलवटली. बोटं निघेनात. पट्टा ताठ. त्यानं पाय आपटले, पत्रा वाजला, वाडीभर घुमला. कोणी नाही. बत्तीस म्हातारे अजून गाडीत. जोडीदार आईपाशी. सबंध वाडीत तो एकटा... आणि दांड्यापाशी जे होतं ते.

ते थांबलं होतं. वाट बघत होतं. भावेशला ते थांबणं ऐकू येत होतं. आपण थांबलो नव्हतो, एवढंच त्याच्या डोक्यात येत होतं. काका थांबलेत. आपण नव्हतो थांबलो.

"काका," तो म्हणाला. "काका... पट्टा होता."

त्यानं कपाळ पत्र्याला टेकवलं.

"दांड्यावर पट्टा होता, काका. तुमीच लावलावता. मी काढला... मला वाटलं जुना. नाल्यात फेकला. विचारून थांबलो नाय. तुमी विसरला नव्हता... काकीला मी खोटं सांगितलं... तुमी नव्हता विसरला."

शांत.



मग...

खट.

मोटर सुरू झाली.

भावेश ओरडला. किती वेळ ओरडला ते त्याला ठाऊक नाही. कानाशी मोटर घुंऽऽ करून फिरत होती. त्यानं डोळे घट्ट मिटले. आता हात जाईल. आता. आता...

हात जात नव्हता.

त्यानं बोटं हलवली. हलली. कशातच नव्हती. मोकळी, हवेत.

तो भसकन मागे सरकला, गवतावर पाठीवर पडला. हात डोळ्यांसमोर धरला आणि बोटं मोजली. पाच. परत मोजली. पाच. मोबाईलचा उजेड आत टाकला. मोटर जोरात फिरत होती. शेजारचा ढोल मात्र ढिम्म. दोन पुल्या होत्या आणि मधे काही नव्हतं.

पट्टा नव्हता.

तो हॉलला वळसा घालून धावला. खोलीचं कुलूप जसंच्या तसं. किल्ली काढताना बटण तुटलं. तीन वेळा किल्ली भोकाबाहेर गेली. दार उघडलं. उजेड टाकला.

दांडा वर होता.

आणि दांड्यावर पट्टा टांगलेला होता. किंचित हलत होता.

शेठ साडेनऊला पाहुणे घेऊन आले तेव्हा भावेश हॉलच्या पायरीवर पट्टा मांडीवर घेऊन बसला होता. नवा पट्टा आणलेलाच होता, तो चढवला, मशीन सुरू करून दाखवलं. सकाळी सहाला हॉल इतका गरम झाला की म्हाताऱ्यांनी पहिल्या आसनालाच मफलर काढले आणि दुसऱ्याला खिडक्या उघडल्या. शेठ अजून ते कौतुकानं सांगतात.

भावेश त्या वेळी केळव्यात नव्हता. सफाळ्याच्या पुढं, पाड्यावर, मंजुळाच्या दारात उभा होता. ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती. त्यानं सगळं सांगितलं. आधी कारखान्यातलं, मग रात्रीचं. ती त्याच्यावर ओरडेल, सूप फेकून मारेल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं, असंही वाटलं होतं.

तिनं सूप बाजूला ठेवलं.

"रोज दिवा लावताना मी त्याला बोल लावायची," ती म्हणाली. "सगळ्या जगाला शिकवलंस, नि सोता कसा विसरलास म्हणून. सहा वर्सं." मग हात पुढे केला. "आण इकडं."

त्यानं पट्टा दिला. तिनं तो दाराजवळच्या खुंटीला टांगला. झिपरूचा सदरा असायचा त्या खुंटीला. त्याला बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. तो आपणच बसला आणि तिच्यासोबत तांदूळ निवडू लागला. अजून जातो, महिन्यातून एकदा. आता चौकशीवाल्यांनाही लिहून देणार आहे म्हणतो. अर्ज मी लिहू का विचारलं, तर माझ्याकडे बघून मोकळं हसला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"आजोबा, कोणीतरी खोडी काढली असंल त्याची," किंजल म्हणाली. पण आवाज बारीक झाला होता तिचा.

शाब्बास. माझ्याही मनात हेच आलं. साठ वर्षं मी लोकांच्या खोड्या काढतोय. नवरदेवाच्या जोड्यात खेकडा सोडलाय, सरपंचाच्या माईकवर कोंबडा आरवलाय. खोडी कशी करतात ते मला भावेशनं शिकवायला नको. म्हटलं, दुसरी किल्ली असणार, आवाज काढणारा असणार, मी पकडतो. मी पुढच्याच रविवारी केळव्याला गेलो. भरदुपारी. शेठना म्हटलं, मशीन बघायचंय, गावभर कौतुक ऐकलंय. फुगले, झाकण उघडून दिलं.

किल्लीचं सोडा. किल्ल्या दोन असतात, तीन असतात. मी पट्टा बघितला. तो ढिला असला तरी तसा ओढून निघत नाही, पोरांनो. मी ओढला. शेठच्या माळ्यानं ओढला. दोघांनी पहार घालून ओढला. मोटर धरणारे चार बोल्ट सैल करून मोटर पुढं सरकवली तरच निघतो, दुसरी वाट नाही. आणि ते बोल्ट समुद्राच्या हवेनं गंजलेले. त्या रात्री नवा पट्टा चढवताना भावेशला ते चार बोल्ट सोडवायला तेल ओतून पाऊण तास लागला होता.

त्यानं हात लावायच्या आधी बोल्टांवर गंज तसाच होता, म्हणाला तो. चारहींवर. कुठे पाना लागल्याचा एक ओरखडा नव्हता.